आले हं, आले

दिवा आहे तेवढाच राहू द्या. लख्ख उजेडात ही गोष्ट सांगायला बसले की माझं मलाच खोटं वाटायला लागतं, मग ती अर्ध्यावर राहते. आज पूर्ण सांगते.

मी टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. नवरा म्हणतो, हिला नोकरीवर काही शिकवावं लागलंच नाही, माहेराहूनच शिकून आली. आमच्या कंपनीचं काम हॉस्पिटलातल्या घंटेचं. पेशंटच्या उशाशी बटण असतं ना, ते दाबलं की सिस्टरच्या टेबलावर दिवा लागतो आणि पडद्यावर खोलीचं नाव येतं. पूर्वी मध्ये साधी वायर असायची. आता मध्ये आमचा सर्व्हर असतो, आणि तो एकच सर्व्हर कितीतरी हॉस्पिटलांमध्ये मिळून चालतो. सामाईक विहीरच म्हणा ना. एकाने आत काही टाकलं की सगळ्यांच्या घागरीत येणार.

म्हणून त्यात बारीकसाही बदल करायचा असला, तरी आधी तालीम व्हायची. हा शब्द आमच्या साहेबांचा. सर्व्हरची हुबेहूब दुसरी प्रत उभी करायची, तिच्यावर नवा बदल चढवायचा, खरोखरच्या घंटा दाबून बघायच्या, आणि सगळं ठीक असेल तरच तो बदल खऱ्या हॉस्पिटलांत जायचा. घंटा दाबायला आम्हाला एका जुन्या हॉस्पिटलाने वरच्या मजल्यावरचा बंद पडलेला वॉर्ड दिला होता. माझ्याबरोबर असायच्या मोठ्या सिस्टर. सगळा जन्म त्याच वॉर्डात काढून त्या रिटायर झाल्या होत्या. घरी बसवेना, म्हणून आमच्याकडे तपासणीला यायच्या. बुटक्या, आवाज घोगरा, आणि छातीवर पिनेने उलटं टांगलेलं घड्याळ. त्या खुर्चीत कमी आणि चालताना जास्त दिसायच्या.

त्या वेळचा बदल असा होता. वाजलेली घंटा बंद करायची एकच रीत होती. सिस्टरने कॉटपाशी जायचं आणि भिंतीवरचं हिरवं बटण दाबायचं. टेबलावर बसून घंटा मिटवता यायची नाही. रीत चांगली, पण तिचा त्रासही होता. कुठे बटण मोडलेलं, कुठे खोलीचं नाव बदललेलं, कुठे कॉटच हलवलेली. अशा घंटांकडे कोणी जाऊच शकत नसे. त्या बेवारस घंटा सर्व्हरमध्ये साचत गेल्या होत्या आणि खऱ्या घंटांना उशीर व्हायला लागला होता. म्हणून आमच्या झटपटने नवा नियम लिहिला. झटपट म्हणजे आमचा प्रोग्रॅमर. जेवतोसुद्धा उभ्यानेच, म्हणून हे नाव. नियम असा, की घंटेकडे कोणी फिरकलं नाही तर ती आधी मुख्य सिस्टरच्या फोनवर जाईल, आणि तिथेही कोणी दखल घेतली नाही तर आपोआप मिटेल.

मला तो नियम मनातून रुचला नव्हता. माझी आत्या तेव्हा खुब्याचं हाड मोडून एका हॉस्पिटलात पडून होती, आणि तिच्या उशाशीही आमचीच घंटा होती. पण माझं काम रुचण्याचं नव्हतं, तपासण्याचं होतं.

दुपारची वेळ होती. बाहेर आभाळ भरून आलेलं. वॉर्डाच्या काचांना आतून कागद चिकटवलेले, त्यामुळे आत पिवळट, शिळा उजेड. फिनेलचा वास इतक्या वर्षांनीही गेला नव्हता. गाद्या काढून नेलेल्या, नुसत्या लोखंडी कॉटा दोन्ही बाजूंना ओळीने उभ्या. मी टेबलापाशी पडदा लावून बसले. झटपट ऑफिसातून कानाला हेडफोन लावून आमच्या जोडीला होता.

आधी साचलेल्या घंटांची नक्कल तालमीत ओतली आणि नवा नियम चालू केला. पडद्यावरच्या ओळी भराभर पुसल्या गेल्या. सगळ्या गेल्या… एक सोडून.

‘टोकाची खोली’ असं लिहिलं होतं तिथे.

“कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात अडकली असेल,” झटपट म्हणाला. त्याने पुसली. ओळ गेली. मी श्वास सोडते न सोडते तोच ती पुन्हा उमटली. त्याने पुन्हा पुसली. ती पुन्हा आली. या वेळी टेबलावरचा दिवाही लागला.

“ताई, ही कुठल्या हॉस्पिटलची आहे बघा ना.”

मी बघितलं. ती याच हॉस्पिटलची होती. याच वॉर्डाची.

मी मान वर करून वॉर्डाच्या टोकाकडे पाहिलं. तिथे भिंत होती आणि भिंतीला लागून एक लोखंडी कपाट. खोलीबिली काही नव्हती.

“सिस्टर, इथे टोकाला खोली होती का?”

मोठ्या सिस्टर खिडकीपाशी उभ्या होत्या. वळल्या नाहीत. “होती,” म्हणाल्या. “कपाटामागे दार आहे तिचं. मी इथे आले त्याच्याही आधी बंद केली ती. जुन्या सिस्टर सांगायच्या, तिथल्या बाईची घंटा फार वाजायची म्हणून. मग एके दिवशी न्हाऊन ओल्या केसांनी पडल्यापडल्या घंटा वाजवत राहिली, आणि कोणी गेलंच नाही…”

“बोलून बघा,” कानात झटपट म्हणाला. “टेबलावरून खोलीत बोलता येतंच की. वायर तुटलेली असेल तर नुसती खरखर येईल. म्हणजे बटणाचा दोष आहे हे तरी कळेल.”

मी बोलायचं बटण दाबलं. खरखर आली नाही. आली ती शांतता… पण रिकाम्या खोलीची असते तशी नव्हे. कोणीतरी कान देऊन बसलं असावं, तशी. मग अगदी जवळून, उशीत तोंड खुपसून बोलावं तसा एक आवाज आला.

“…येताय ना?”

आणि माझ्या मागून, जन्मभराच्या सवयीने, विचार करायच्या आत मोठ्या सिस्टर बोलून गेल्या,

“आले हं, आले.”

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं.

“कोणाला उत्तर दिलंत, सिस्टर?”

“घंटा वाजली,” त्या म्हणाल्या. “येते म्हटलं. आता जायला नको का?”

त्यांनी कपाटाला खांदा लावला. मी नाही म्हणत होते, तरी माझेही हात लागले. कपाट रिकामं होतं, करकरत सरकलं. मागचं दार नुसतंच लोटलेलं होतं. आत जेमतेम एक कॉट मावेल एवढी जागा. खिडकी विटा लावून बुजवलेली. जमिनीवर धुळीची मऊ साय, आणि तिच्यावर ना उंदराचं पाऊल ना पालीचं. भिंतीवर हिरवं बटण होतं, आणि त्याच्याखाली तुटलेल्या वायरी लोंबत होत्या. त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. हे मी नीट बघितलं. माझं कामच ते.

सिस्टर आत गेल्या. कोपऱ्याकडे वाकून, पेशंटशी बोलतात तशा हळू बोलल्या, “बोला, काय होतंय?” मग कान पुढे केला. थोडा वेळ तशाच राहिल्या. मान हलवली. दोन्ही हातांनी हवेतच काहीतरी उचललं, थोपटलं, पुन्हा ठेवलं. आणि हिरवं बटण दाबलं.

बाहेर टेबलावरचा दिवा विझला.

“काय म्हणाली?” मी विचारलं.

“काही नाही गं. उशी सरळ करून हवी होती.”

एवढं बोलून त्या हात पुसत बाहेर आल्या. वाटेल तुम्हाला की मी तिथून पळाले असेन. नाही पळाले. दिवसाउजेडी, हातात काम असलं की माणूस भ्यायचं पुढे ढकलतो. पडद्यावर आता एकही ओळ नव्हती. उरलेल्या तपासण्या मी एकेक करून घेतल्या. दोन घंटा एकदम, वीज जाऊन आलेली, मध्येच नेट तुटलेलं. सगळं पास. शेवटची तपासणी राहिली होती. घंटा दाबायची, कोणीच जायचं नाही, आणि ती आपोआप मिटते का बघायचं. मी मधल्या कॉटचं बटण दाबलं आणि टेबलाशी येऊन बसले. सिस्टर माझ्या शेजारीच बसल्या होत्या. पायावर पाय टाकून, डोळे मिटून.

घंटा मिटली. तिच्यापुढे ‘आपोआप बंद’ असं यायला हवं होतं. आलं होतं, ‘सिस्टर आल्या’.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच. मी साहेबांना फोन लावला. म्हटलं, हे समजत नाही तोवर मी पास म्हणणार नाही. झटपटने शोधाशोध केली आणि शब्दांची अदलाबदल झाली असेल म्हणाला. साहेब हसले. “अहो, तालमीत एखादा नट वाक्य चुकला म्हणून कोणी नाटक रद्द करतं का? घंटा मिटतेय ना? झालं तर.” मी माझा नकार लेखी दिला. साहेबांनी त्याच्याखाली स्वतःची सही केली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा नियम सगळ्या हॉस्पिटलांत गेला.

पुढचे दिवस ऑफिसात नुसता आनंदीआनंद. घंटांना उशीर नाही, एकही तक्रार नाही. उलट लोक आमचं कौतुक करायला फोन करायचे. सगळीकडच्या पेशंटचं म्हणणं एकच, हल्ली बटण दाबलं की सिस्टर लगेच येतात. गंमत एवढीच, की तिथल्या सिस्टरना वाटायचं दुसरी कोणीतरी जाऊन आली असेल. दुसरीला वाटायचं तिसरी गेली असेल. ज्या ओझ्याखाली त्या बायका वाकलेल्या असतात, त्यात आयतं कोणी हातभार लावत असेल तर विचारायला कोण जातंय?

आत्याला भेटायला गेले, तेव्हा तीही खुशीत होती.

“इथल्या एक सिस्टर आहेत ना, माणूस म्हणजे सोनं आहे बघ. हाक मारायचा अवकाश. आवाज जरा घोगरा आहे, पण कानाला गोड लागतो. दारातूनच म्हणत येतात, आले हं, आले.”

मी मोसंबं सोलत होते. साल तशीच हातात राहिली.

“कशा दिसतात गं त्या, आत्या?”

“बुटक्याशा आहेत. छातीवर घड्याळ लावतात, उलटं. मी म्हटलं त्यांना, अहो, घटकाभर बसा की. तर म्हणाल्या, बसायला कुठलं, अजून किती जणी वाट बघतायत.” आत्याने माझ्याकडे पाहिलं. “पण फार दमलेल्या दिसतात गं. पाय ओढत चालतात.”

तिथून मी तडक मोठ्या सिस्टरच्या घरी गेले. दार त्यांच्या सुनेने उघडलं. तिचा चेहरा ओढलेला. “बरं झालं आलात,” ती कुजबुजली. “आई कुठेच जात नाहीत हो. दिवसभर खुर्चीत असतात. मी डोळ्यांत तेल घालून बघतेय. पण पाय बघा तुम्हीच.”

सिस्टर खुर्चीत बसल्या होत्या, पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. घोटे सुजून टम्म. तळवे घासून लाल झालेले, टाचांना फोड आलेले. घमेल्यातल्या पाण्याला फिनेलचा वास येत होता.

“ये गं,” त्या म्हणाल्या. “डोळा मिटला की घंटा ऐकू येते बघ. मी उठत नाही हं. इथेच असते. पण…” मग लहान मुलीने विचारावं तसं विचारलं, “एकूण किती वॉर्ड आहेत गं तुमच्या त्या सर्व्हरवर?”

मी खाली बसून त्यांच्या टाचांवर पाणी ओतलं.

“एकीला येते म्हटलं मी,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना नव्हतं म्हटलं.”

मी तशीच ऑफिसात गेले. साहेबांना सांगितलं, जुना नियम परत बसवा. कारण विचारलं, तर जे होतं ते सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि सुट्टी घ्या म्हणाले. “इतकं चांगलं चाललेलं आहे, ते मी एका म्हातारीच्या पायांसाठी मोडू?” मी बाहेर आले तर झटपट माझ्या टेबलाशी उभा होता. रंग उडालेला.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही दोघी कपाट सरकवायला गेलात, तेव्हा माझ्या कानात आवाज चालूच होता. सिस्टरनी काय होतंय विचारलं, ते मी ऐकलं. आणि त्याच्यावरचं उत्तरही ऐकलं. मला वाटलं तुम्हीच बोललात… उशी मागितली ती तुम्ही नव्हतात ना?”

मी नाही म्हणून मान हलवली. तो जागेवर जाऊन बसला. एरवी घाई करणारा तो माणूस, त्या संध्याकाळी एकेक ओळ दोनदोनदा वाचून काम करत होता. साहेबांना न विचारता त्याने जुना नियम परत बसवला. आधी तालमीत बसवला, आणि मला म्हणाला, तपासा. मी कधी नव्हे इतकं जीव लावून तपासलं. कोणी गेलं नाही तर घंटा वाजत राहत होती. कोणी गेलं तरच मिटत होती. मी पास म्हटलं, आणि त्याने तो सगळीकडे सोडला.

दोघांनाही नोटीस मिळाली. हॉस्पिटलांतून तक्रारींचा पाऊस पडला, सिस्टर येत नाहीत म्हणून. मला त्याचं काही वाटलं नाही. सिस्टरच्या सुनेचा फोन आला तेव्हा मात्र मी रडले. आई शांत झोपल्या, सूज उतरायला लागली, म्हणाली. चार दिवसांनी गेले, तर सिस्टर स्वयंपाकघरात उभ्या राहून चहा गाळत होत्या.

“सुटले गं,” त्या म्हणाल्या. “घंटा थांबली. त्या रात्री झोपेत छान ड्यूटी दुसरीच्या हाती देऊन मोकळी झाले.”

“ड्यूटी देऊन? कोणाला?”

त्यांनी गाळणं खाली ठेवलं. “ती टोकाच्या खोलीतली, मागेमागेच होती की माझ्या. पहिल्या दिवसापासून. मी एकेका कॉटपाशी जायचे, आणि ही दाराशी उभी राहून बघायची. म्हणाली, आता जमेल मला. मी म्हटलं, तू पेशंट आहेस बाई, तुला कोण पाठवणार? तर म्हणाली…” सिस्टरनी कप माझ्यापुढे सरकवला. “नाही. ते नको सांगायला. चहा घे तू.”

मी चहा घेतला नाही. सर्व्हर जुना होता, नियम जुना होता, सगळं माझ्या हाताने तपासलेलं होतं. हेच मनाशी म्हणत मी आत्याकडे गेले.

तिची खोली शांत होती. दुपारचं ऊन पायथ्याशी पडलेलं. आत्या जागीच होती, पण कॉटच्या एका कडेला, भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपली होती. मोडक्या खुब्याच्या माणसाने असं झोपू नये.

“आत्या, अशी का गं अवघडून? सरळ हो. सिस्टरना बोलावू का?”

“नको, नको,” आत्या घाईने म्हणाली. तिने बटणावर हात झाकून धरला. “घंटा वाजवायचीच नाही आता. काही लागलं तर मीच आहे, म्हणालीय ती. ती घोगऱ्या आवाजाची गेली गं बदलून. ही नवीन आहे.”

मी उरलेल्या अर्ध्या कॉटकडे पाहिलं. चादर तिथे खोल दबलेली होती.

“बोलत नाही फारशी,” आत्या कुजबुजली. “पण पायाशी बसवत नाही तिला. आडवं व्हावं लागतं.” मग जरा ओशाळून, दाराकडे एक नजर टाकून ती म्हणाली, “उद्या येशील तेव्हा घरून एक मोठा टॉवेल आण हं. जाडसर असेल तो. तिचे केस काही केल्या वाळत नाहीत.”